चेकमधले जर्मन: तीस लाखांवरून वीस हजारांच्या आत

चेक रिपब्लिकमधे जर्मन किती, तर 2011 च्या जनगणनेत 18,658. राष्ट्रीयत्वाचा रकाना भरणं ऐच्छिक होतं आणि पाव लोकांनी तो कोराच सोडला, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे धरा. पण 1930 मधे याच भागात तीस लाखांच्या वर जर्मन होते, म्हणजे दर दहा माणसांत जवळपास तीन. आता एवढे लोक गेले कुठे?

पहिली गोष्ट म्हणजे हे लोक काही हिटलरच्या मागनं आलेले नव्हते. बाराव्या-तेराव्या शतकात चेक राजांनीच त्यांना बोलावलं होतं, सीमेवरची जंगलं तोडून गावं वसवायला, खाणी चालवायला. पुढे याखिमोव्हच्या चांदीतून थालर नावाचं नाणं निघालं, डॉलर हा शब्द त्याचाच. याब्लोनेत्सला काचेचा धंदा वाढला, तिथल्या बांगड्या बोटी भरभरून हिंदुस्थानात यायच्या, आपल्या पणजीच्या हातातही कदाचित तिकडचीच काच असेल.

भांडण सुरू झालं ते एकोणिसाव्या शतकात, भाषेवरून. तेव्हा हा भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. 1897 मधे बाडेनी या ऑस्ट्रियाच्या पंतप्रधानानं हुकूम काढला की बोहेमिया-मोरावियातल्या, म्हणजे या चेक प्रांतांतल्या, सरकारी नोकरांना जर्मन आणि चेक दोन्ही यायला हवं, जर्मनांनी एवढा दंगा केला की त्याची खुर्चीच गेली. मग 1918 ला चेकोस्लोव्हाकिया झाला आणि कालचे मालक एका रात्रीत अल्पसंख्याक झाले. त्यात मंदी आली, जर्मन भागातले काच-कापडाचे कारखाने एक्स्पोर्टवर जगणारे, तिथेच बेकारी जास्त. 1935 च्या निवडणुकीत हेनलाइन या जर्मन पुढाऱ्याच्या पार्टीला देशात सगळ्यात जास्त मतं पडली. 1938 ला म्युनिकचा करार, सुडेटनलँड म्हणजे सीमेवरचा जर्मन वस्तीचा पट्टा हिटलरला, सहा महिन्यांत उरलेला चेक भागही त्याच्या घशात. 1942 ला नाझींनी लिदित्से गाव अक्षरशः पुसून टाकलं. हे सगळं डोक्यात ठेवल्याशिवाय 1945 कळत नाही, पण म्हणून 1945 माफ होतं असंही मला वाटत नाही.

कारण त्या वर्षी काय झालं, तर जर्मनांना दंडावर पांढऱ्या पट्ट्या बांधायला लावल्या, मे अखेरीला बर्नोमधनं बायका, पोरं, म्हातारे यांना ऑस्ट्रियाच्या दिशेनं पायी हाकललं, कित्येक वाटेतच गेले. चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष बेनेश यांच्या हुकूमनाम्यांनी नागरिकत्व आणि मालमत्ता काढून घेतली. पॉट्सडॅमच्या परिषदेत युद्ध जिंकलेल्या बड्या देशांनी या हकालपट्टीला ‘माणुसकीनं करा’ म्हणत होकार दिला आणि 1946 मधे जर्मनीकडे गाड्या सुटायला लागल्या, साधारण 1,200 माणसं एका गाडीत, मालगाडीचे डबे, सोबत तीस ते पन्नास किलो सामान, बस. मृत्यूंचा आकडा अजूनही वादाचा, जर्मन आणि चेक इतिहासकारांच्या संयुक्त आयोगानं 15,000 ते 30,000 म्हटलंय. याब्लोनेत्सच्या काचवाल्यांनी पुढे बव्हेरियात काउफबॉयरन इथे आपल्या गावाच्या नावानंच नवी वस्ती उभारली, नॉयगाब्लोन्त्स (याब्लोनेत्सला जर्मनमधे गाब्लोन्त्स म्हणतात, नॉय म्हणजे नवं).

इथवर बरेच जण वाचतात आणि थांबतात. पण 1950 मधे दीड लाखाच्या वर जर्मन तिथेच होते की! कुणी खाणीत किंवा काचेच्या भट्टीवर हवे होते म्हणून ठेवलेले, कुणी चेक माणसाशी लग्न केलेले, काही नाझींच्या विरोधात उभे राहिलेले. नागरिकत्व सरसकट मिळालं ते 1953 ला, आणि अल्पसंख्याक म्हणून घटनेत नाव यायला 1968 उजाडलं. यांना कुणी हाकललं नाही, पण जर्मन माध्यमाच्या शाळा नव्हत्या, रस्त्यात मोठ्यानं जर्मन बोलायची चोरी, मुलं चेक शाळेत गेली, लग्नं चेकांत झाली आणि साठच्या दशकात सीमा जरा सैल झाली तसे हजारो पश्चिम जर्मनीला निघून गेले. 1991 ला 48,556 उरले, 2001 ला 39,106, आणि त्यात म्हातारेच जास्त.