मधुमेही मूत्रपिंडविकाराचे मूत्रातील जैवसूचक

मधुमेहामुळे मूत्रपिंडांना होणारी इजा लवकर कळावी म्हणून लघवीत जे पदार्थ मोजले जातात, त्यांना या विकाराचे मूत्रातील जैवसूचक म्हणतात. त्यांत प्रथिने, विकरे, पेप्टाइडे (प्रथिनांचे छोटे तुकडे) आणि आरएनएचे छोटे रेणूही येतात. रोजच्या वैद्यकीय व्यवहारात पक्का रुळलेला सूचक मात्र एकच, तो म्हणजे अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन.

मधुमेह असलेल्यांपैकी साधारण २० ते ४० टक्के लोकांना पुढे हा विकार होतो आणि सुरुवातीची कित्येक वर्षे तो काहीच जाणवू देत नाही. पायांवर सूज दिसेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते. स्नायूंतून तयार होणारा आणि लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ, म्हणजे क्रिॲटिनिन, रक्तात उशिराच वाढतो. मूत्रपिंडातले काही नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, निकामी झाले तरी उरलेले जादा काम करून तूट भरून काढतात, त्यामुळे गाळणक्षमता बरीच घटेपर्यंत रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मधुमेहाच्या आरंभी तर अनेकदा गाळण्याचा वेग उलट वाढलेलाच असतो. लघवीत मात्र इजा झालेल्या पेशींच्या खुणा थेट उतरतात, म्हणून लवकर निदानाची आशा तिच्यावर आहे.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. हे काम केशिकागुच्छांत, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुच्छांत होते. त्यांच्या भिंतीला तीन थर असतात: केशिकेचे अस्तर, तळपटल हा पातळ पडदा आणि त्याला बाहेरून बिलगलेल्या पोडोसाइट पेशी. निरोगी भिंत अल्ब्युमिनला जवळजवळ अडवून धरते आणि जे थोडे निसटते ते पुढच्या नलिकेतील पेशी परत शोषून घेतात. वाढलेल्या साखरेने ही भिंत बिघडली किंवा नलिका थकली, की अल्ब्युमिन लघवीत उतरू लागते.

लघवीतील अगदी अल्प अल्ब्युमिन मोजण्याची किरणोत्सर्गी प्रतिरक्षा पद्धत लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६३ मध्ये मांडली. ही अल्प वाढ पुढच्या मूत्रपिंडविकाराची चाहूल असते हे टाइप १ मधुमेहात व्हिबर्टी यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवले. टाइप २ मध्ये तिचा धोक्याशी असलेला संबंध मोगेन्सन यांनी १९८४ मध्ये दाखवला.

आज २४ तासांची लघवी साठवण्याऐवजी एका नमुन्यातील अल्ब्युमिन-क्रिॲटिनिन गुणोत्तर, म्हणजे एसीआर, काढतात. ते का लागते हे दोन नमुने शेजारी ठेवले की समजते. दोन्हींत लिटरमागे २० मिलिग्रॅम अल्ब्युमिन आहे; पण भरपूर पाणी प्यालेल्याच्या पातळ लघवीत क्रिॲटिनिन ०.४ ग्रॅम आहे, तर दुसऱ्याच्या दाट लघवीत १.६ ग्रॅम. पहिल्याचे गुणोत्तर ५० येते, दुसऱ्याचे १२.५. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत सामान्य, ३० ते ३०० मध्यम वाढ आणि त्यापुढे तीव्र वाढ असे धरतात, म्हणजे नुसते अल्ब्युमिन पाहिले असते तर पहिला रुग्ण निसटला असता. स्नायू फार कमी असलेल्यांत क्रिॲटिनिनच कमी बनते आणि गुणोत्तर फुगते, हेही लक्षात ठेवावे लागते.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा घ्यावा. आदल्या दिवसाचा जोरकस व्यायाम, ताप, जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा खूप चढलेला रक्तदाब यांमुळे आकडा तात्पुरता वाढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीनपैकी दोन नमुन्यांत वाढ दिसली तरच ती खरी मानतात. एका रिपोर्टवरून कोणालाही किडनीचा रुग्ण ठरवणे चूक आहे.

अल्ब्युमिनच्या मर्यादाही खऱ्या आहेत. अनेकांत मध्यम वाढ आपोआप किंवा उपचारांनी पुन्हा खाली येते. उलट टाइप २ च्या बऱ्याच रुग्णांत अल्ब्युमिन न वाढताच गाळणक्षमता घसरत जाते. याच फटीतून बाकीच्या सूचकांचा शोध सुरू झाला. त्यांपैकी अनेक नलिकेची इजा सांगतात. एनएजी हे विकर इतके मोठे आहे की ते रक्तातून गाळून येत नाही. लघवीत वाढले तर ते मुख्यतः नलिकेच्या पेशींतून आलेले असते. किम-१ हे प्रथिन निरोगी नलिकेत जवळपास नसते. इजा झाल्यावर ते पेशींच्या पृष्ठभागावर येते आणि त्याचा बाहेरचा भाग तुटून लघवीत पडतो. एनगाल हे प्रथिन लवकर वाढते, पण मूत्रमार्गाच्या संसर्गातही वाढते. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे छोटे प्रथिन आम्लधर्मी लघवीत टिकत नाही. एल-एफएबीपी या प्रथिनाची चाचणी जपानमध्ये वैद्यकीय वापरात आहे. पोडोसाइटमधून येणारे नेफ्रिन हे प्रथिन आणि तळपटलातील टाइप ४ कोलॅजेन यांवरही काम चालू आहे.

एकेक पदार्थाऐवजी अनेकांचा एकत्रित आकृतिबंध वाचण्याची पद्धत सर्वांत आश्वासक वाटते. सीकेडी२७३ या चाचणीत २७३ पेप्टाइडे एकत्र तपासतात. त्यांत कोलॅजेनचे तुकडे बरेच असतात. प्रायॉरिटी या युरोपीय अभ्यासात टाइप २ मधुमेहाचे, पण अल्ब्युमिन सामान्य असलेले १७७५ जण होते. चाचणीने जास्त धोक्याचे ठरवलेल्या २१६ पैकी २८ टक्के लोकांत पुढे अल्ब्युमिन वाढले, तर कमी धोक्याच्या गटात ९ टक्के लोकांत. भाकीत खरे ठरले, पण त्या जास्त धोक्याच्या गटातील काहींना स्पायरोनोलॅक्टोन हे औषध देऊनही ही वाढ ठोसपणे रोखता आली नाही.

नव्या सूचकांची खरी अडचण इथे आहे. कॅनाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाच्या क्रेडेन्स चाचणीत ३०० च्या वर एसीआर असलेलेच रुग्ण घेतले होते आणि फिनेरेनोन या औषधाच्या मधुमेही मूत्रपिंडविकारातील चाचण्याही अल्ब्युमिन वाढलेल्यांवरच झाल्या, त्यामुळे उपचार कधी सुरू करावा याचा पुरावा बराचसा अल्ब्युमिनशी जोडलेला आहे. एसीआर आणि रक्तावरून काढलेली गाळणक्षमता या दोन तपासण्या टाइप २ मध्ये निदान झाल्यापासून आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर, दर वर्षी कराव्यात अशी शिफारस आहे. क्रिॲटिनिन नॉर्मल आले म्हणून एसीआर टाळला, तर हा विकार उशिरा सापडू शकतो.