चार अणूंची साक्ष

जे. जे. अब्राम्स यांचा 'सुपर एट' (२०११) पाहून झाला की गप्पा ठरलेल्या वाटेने जातात. तो परग्रहावरचा प्राणी कसा वाटला, शेवट जरा जास्तच गोड झाला का, निर्माता स्पीलबर्ग असल्याचं कसं जागोजागी जाणवतं, वगैरे. चित्रपट मलाही आवडतो. पण त्यातल्या माझ्या सगळ्यात लाडक्या पात्राचं नावही कुणी काढत नाही. ते पात्र म्हणजे फोटोच्या दुकानात धुवायला टाकलेला रोल.

कथा १९७९ ची, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या लिलियन नावाच्या काल्पनिक गावातली. शाळकरी पोरं झोंबीपट बनवतायत आणि घरच्यांचा डोळा चुकवून रात्री रेल्वे स्थानकावर शूटिंगला गेली आहेत. तेवढ्यात येणाऱ्या मालगाडीच्या समोर एक ट्रक रुळावर चढतो आणि गाडी घसरते. (एका ट्रकच्या धडकेने एवढ्या अवजड गाडीचे डबे असे हवेत कोलांट्या खातील, हे भौतिकशास्त्राला काही पटायचं नाही. असो.) पोरं जीव मुठीत धरून पळतात. कॅमेरा मात्र खाली पडतो आणि चालूच राहतो. डब्यातून काय बाहेर पडलं ते पोरांनी नीट पाहिलेलं नाही, कॅमेऱ्याने पाहिलंय. पण रोल धुऊन येईपर्यंत ते कुणालाही कळणार नाही.

त्या मधल्या दिवसांत कार्ट्रिजच्या, म्हणजे फिल्मच्या बंद डबीच्या, आत नेमकं काय होतं? बहुतेकांना वाटतं, फिल्मवर एक पुसट चित्र उमटलेलं असतं आणि धुतल्यावर ते गडद होतं. तसं नाही. ती फिल्म सुरक्षित (तिच्यावर परिणाम न करणाऱ्या) उजेडात बाहेर काढून भिंगाखाली धरली असती तरी कोऱ्या फिल्मपेक्षा काहीही वेगळं दिसलं नसतं. चित्र होतं, पण दिसण्याजोगं नव्हतं. याला सुप्त प्रतिमा म्हणतात, आणि विज्ञानातल्या माझ्या आवडत्या चमत्कारांत तिचा नंबर फार वरचा आहे.

आधी सामानाची ओळख. कोडॅकने १९६५ मध्ये सुपर एट, म्हणजे घरगुती चित्रीकरणाची फिल्म, बाजारात आणलं ते प्लास्टिकच्या बंद कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पोरासोरांनाही अंधारात न चाचपडता ते कॅमेऱ्यात बसवता यावं. आत ५० फूट फिल्म, ८ मिलिमीटर रुंद. त्यावर ३६०० फ्रेम. सेकंदाला १८ फ्रेम या वेगाने ३ मिनिटं २० सेकंदांत खेळ खलास. एक फ्रेम साधारण ५.८ बाय ४ मिलिमीटरची, करंगळीच्या नखाहून लहान.

या फिल्मवर जिलेटिनचे पातळ थर असतात आणि त्यांत सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. स्फटिक साधारण मायक्रोमीटरच्या आसपासचा, पण तेवढ्यातही चांदीचे अब्जावधी आयन. आयन म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी असलेला, धन प्रभाराचा चांदीचा अणू. ब्रोमाइडकडे तो इलेक्ट्रॉन जास्तीचा. दोघंही आपापल्या जागी स्वस्थ असतात.

आता प्रकाशाचा एक कण, फोटॉन, येऊन आदळतो. ब्रोमाइडचा इलेक्ट्रॉन सुटतो आणि स्फटिकभर मोकाट फिरू लागतो. फिरता फिरता तो एखाद्या खोटीत अडकतो. स्फटिक निर्दोष नसतोच, आणि नसतो हे आपलं भाग्य. त्याच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचे बारीक ठिपके असतात, तिथे हा इलेक्ट्रॉन फसतो. ठिपका ऋण प्रभाराचा झाला. स्फटिकात काही चांदीचे आयन जागा सोडून भटकत असतातच, त्यांतला एक इकडे ओढला जातो, इलेक्ट्रॉन घेतो आणि चांदीचा साधा अणू बनतो. एक अणू तयार! दुसरा फोटॉन आला की पुन्हा तेच, आणि त्याच ठिपक्यावर. ही सगळी गोष्ट रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट यांनी १९३८ मध्ये मांडली. मॉट यांना पुढे नोबेलही मिळालं, पण वेगळ्या कामासाठी.

मात्र एकटा अणू भरवशाचा नाही. काही सेकंदांत तो इलेक्ट्रॉन सोडून देतो आणि केलं-सवरलं पाण्यात. दोन अणू जमले की ते टिकतात, पण त्यांचा उपयोग नाही. साधारण चार अणूंचा पुंजका जमला की धुताना काळं होण्यासाठी स्फटिकाची निवड पक्की झाली. अब्जावधी आयनांपैकी चार! त्या रात्रीची साक्ष या चौकड्यांत नोंदलेली होती. कुठल्या स्फटिकावर चौकडी जमली आणि कुठल्यावर नाही, एवढाच तो सगळा पुरावा.

ते सल्फाइडचे ठिपके आले कुठून, याची कथा भारी आहे. जिलेटिन बनतं जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून. काही जिलेटिनची फिल्म झकास निघायची, काहींची मंद, आणि कारखानदारांना कारण सापडेना. १९२० च्या दशकात कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी माग काढला तो मोहरीच्या तेलातल्या गंधकाच्या संयुगापर्यंत. गाईंच्या चाऱ्यात मोहरीवर्गातल्या वनस्पती असल्या की त्या गंधकाचा अंश जिलेटिनमध्ये उतरायचा आणि स्फटिकांवर ठिपके पाडायचा. गाईंना मोहरी आवडत नसती तर सिनेमाच निघाला नसता, असं गमतीने म्हटलं जातं.

आता रात्रीचा प्रश्न. सिल्व्हर ब्रोमाइडला मुळात निळा आणि अतिनील प्रकाशच कळतो. जळत्या डब्यांचा नारिंगी उजेड त्याला अंधारासारखाच. तो टिपता येतो तो रंगद्रव्यांमुळे. स्फटिकाला विशिष्ट रंगद्रव्य चिकटवलं तर ते हिरवा-लाल प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन पुरवतं, हा शोध हर्मान फोगेल यांचा, १८७३ चा. तरीही प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम छत्तिसावा भाग येतो, तेवढ्यात फोटॉन पुरेसे आले तर आले. खगोलशास्त्रज्ञ तासन् तास शटर उघडं ठेवू शकतात, पण त्यांची वेगळीच पंचाईत होते. मंद तारा इतक्या सावकाश फोटॉन पाठवतो की दुसरा येईपर्यंत पहिला अणू विस्कटलेला असतो. त्यामुळे दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट परिणाम मिळत नाही. याचं मोजमाप १९०० च्या सुमारास कार्ल श्वार्झशिल्ड यांनी केलं. होय, कृष्णविवरांच्या गणितातले तेच श्वार्झशिल्ड.

पुढचं काम डेव्हलपरचं. हे द्रावण चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतं, पण स्फटिक अभंग असेल तर त्याचा शिरकाव सहजी होत नाही. चार अणूंची चौकडी म्हणजे तटबंदीला पडलेलं खिंडार. तिथून इलेक्ट्रॉन आत घुसतात आणि बघता बघता अख्खा स्फटिक काळी चांदी होऊन जातो. चारांचे अब्जावधी झाले. सुपर एटची बरीचशी फिल्म रिव्हर्सल प्रकारची असायची, म्हणजे तिची निगेटिव्ह वेगळी नसते. पहिल्या फेरीत उलटं चित्र तयार करायचं, ते काढून टाकायचं, आणि जे स्फटिक उरले त्यांच्यापासून सुलटं चित्र घडवायचं. कॅमेऱ्यात गेलेली फिल्मच शेवटी प्रोजेक्टरवर चढते. अशा रोलची प्रत एकच! परग्रहावरच्या प्राण्याचा जगातला एकमेव पुरावा पोरांनी प्रोजेक्टरच्या दात्यांत अडकवला असेल, तर माझ्या दृष्टीने अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात थरारक प्रसंग तोच.

दीड मीटरच्या पडद्यावर ही फ्रेम सुमारे अडीचशे पट ताणली जाते, आणि मग चित्र ज्या कणांचं बनलेलं असतं ते डोळ्यांना दिसतात, सळसळतात. इथेच भुतांची आणि उडत्या तबकड्यांची सोय होते. आपला मेंदू ठिपक्यांत चेहरे शोधण्यात पटाईत आहे, त्याला असा सळसळता पडदा दिला की हवं ते सापडतं. १८६० च्या दशकात अमेरिकेत विल्यम मम्लर फोटोत मृत नातेवाइकांचे आत्मे आणून द्यायचा. १८६९ मध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला, तो सुटला, पण आत्म्यांसाठी एकाच काचेवर (तेव्हा फिल्मऐवजी काच असायची) दोनदा चित्र घेणं पुरे होतं. आज 'जुन्या फिल्मवर खरं तेच येतं' म्हणत कणाकणांचे व्हिडिओ फिरवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की ते कण आता मोबाइलमधलं अ‍ॅपही टाकून देतं.

अशा असंख्य कार्ट्रिज तेव्हा घराघरांत पडल्या. काही धुवायच्या राहूनच गेल्या. त्यांत कोडाक्रोम ही रंगीत फिल्म असेल तर रंगांची आशा सोडावी. लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन संगीतकारांनी घडवलेल्या या फिल्ममध्ये रंग मुळात नसतातच, ते धुताना द्रावणांतून येतात. त्या क्लिष्ट प्रक्रियेची शेवटची प्रयोगशाळा, कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची, तिने ३० डिसेंबर २०१० नंतर नवे रोल घेणं बंद केलं. 'सुपर एट' प्रदर्शित झाला त्यानंतर सहाएक महिन्यांनी. चौकड्या मात्र अनेक दशकं तग धरू शकतात. उष्णतेने आणि ऑक्सिजनने काही विस्कटतात, काही नको तिथे नव्या जमतात, आणि चित्र मळकट होतं. तरी साध्या कृष्णधवल डेव्हलपरमध्ये अशी फिल्म धुता येते. काही प्रयोगशाळा हे काम अजूनही करतात. फक्त देताना त्यांना फिल्मचं नाव आणि साधारण साल सांगावं, म्हणजे डेव्हलपरमध्ये किती वेळ ठेवायची याचा अंदाज त्यांना बांधता येतो.