बसला, खचला की दबला? खाजणावरून जाणाऱ्या महामार्गांच्या भरावाची पार्श्वभूमी

पावसाळा लागला की बातमी ठरलेली असते: ‘महामार्ग खचला’. या एका शब्दात निदान तीन निराळी दुखणी कोंबलेली असतात. पाण्याच्या लोटाने भरावाचा मुरूम धुपून गेला, तरी रस्ता खचला. खालची चिकणमाती भार न पेलवून बाजूला सरकली, भरावाची एक कड रात्रीत खाली गेली आणि शेजारच्या खाजणात चिखलाचा फुगवटा वर आला, तरी खचला. आणि पुलाच्या तोंडाशी रस्ता वर्षाला दोन-चार बोटं खाली जातो, गाडीला गचका बसतो, तरीही खचलाच. साइटवरची माणसं असं बोलत नाहीत. त्यांच्या लेखी पहिला वाहून गेला, दुसरा फेल झाला आणि तिसरा बसला. ही नोंद मुख्यतः बसण्याबद्दल आहे. दुसऱ्या प्रकाराचा धाक मात्र सगळीकडे असतो, कारण बसण्याचा वेळ वाचवायला गेलं की भराव फेल होतो.

ठाणे खाडीचे दोन्ही काठ, उरण-पनवेलचा पट्टा, पेण-वडखळचा खारेपाट या सगळ्या भागात वरच्या पातळ कवचाखाली मरीन क्ले, म्हणजे समुद्राने साचवलेली मऊ चिकणमाती आहे. जाडी कुठे तीन-चार मीटर, कुठे पंधराच्या पुढे, आणि त्याखाली मुरूम किंवा काळा पाषाण. बोअरिंगच्या नोंदवहीत अशा ठिकाणी हातोड्याच्या ठोक्यांच्या रकान्यात शून्य लिहिलेलं असतं, कारण ठोका मारायच्या आधीच दांडा स्वतःच्या वजनाने खाली गेलेला असतो. कोरड्या मातीच्या वजनाच्या ऐंशी-नव्वद टक्के पाणी या मातीत सहज सापडतं. अशा जाड थरावर पाच-सहा मीटरचा भराव टाकला तर तो दीड-दोन मीटर बसणार. यात नवल नाही, तो साधा हिशोब आहे. खरी अडचण तो किती वर्षांत बसणार, ही आहे.

जुन्या माणसांना हा हिशोब लेखी येत नव्हता, पण व्यवहारात येत होता. खारेपाटातले बांध दर उन्हाळ्यात डागडुजी करूनच टिकायचे. बसलेल्या बांधावर पुन्हा त्याच गाळाची माती चढवायची आणि खांड पडली की गावाने धावायचं. गोव्यात रायबंदर आणि पणजी यांना जोडणारा तीनेक किलोमीटरचा दगडी बांधरस्ता दलदलीतून १६३३-३४ मध्ये उभा राहिला आणि अजून वापरात आहे. मुंबईत शीवचा बांधरस्ता १८०५ मध्ये, माहीमचा १८४५ च्या सुमारास पुरा झाला. या कामांचं कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. तेव्हा रस्ता हातभर बसला तरी कुणाचं बिघडत नव्हतं. बैलगाडी उतारावरून खाली उतरायची आणि पुढे चढायची. ताशी शंभर किलोमीटरने जाणारा कंटेनर ट्रेलर आल्यावर बसणं हा दोष ठरला.

चिकणमातीतलं पाणी पिळून निघायला वेळ लागतो आणि तो वेळ पाण्याला कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे गणित १९२३-२५ च्या सुमारास युरोपात मांडलं गेलं. पुढचं सगळं त्याच एका ओळीवर उभं आहे. दहा मीटर जाडीचा थर आणि खाली पाणी जाऊ न देणारा खडक असेल, तर आपल्याकडच्या मातीचा नेहमीचा गुणांक धरून नव्वद टक्के बसायला सुमारे पंच्याऐंशी वर्षं लागतात. तोच थर सव्वा-सव्वा मीटरवर उभ्या वाटांनी छेदला, तर पाण्याला साधारण साठ-सत्तर सेंटिमीटर आडवं जावं लागतं आणि काम वर्षभरात होतं. म्हणजे नातवाच्या निवृत्तीपर्यंत चालणारी गोष्ट एका ठेक्याच्या मुदतीत बसते.

या उभ्या वाटा आधी वाळूच्या होत्या. अमेरिकेत १९२६ मध्ये त्याचं पेटंट निघालं आणि १९३०-४० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या महामार्गांच्या कामावर त्या वापरात आल्या. स्वीडनमध्ये त्याच सुमारास पुठ्ठ्याची पट्टी जमिनीत ढकलून पाहिली गेली. आजच्या प्लॅस्टिकच्या पट्टीची ती पणजी. मधल्या काळात एक मोठा वाद झाला. नळी ठोकून वाळूचे खांब केले तर आजूबाजूची माती इतकी कालवली जाते की तिची पाझरण्याची ताकदच मरते, मग वाळूचा फायदा तो काय? १९६० च्या दशकाच्या शेवटी या आक्षेपाने बऱ्याच जणांचा विश्वास उडवला. तो खोटा नव्हता. पट्टी आली ती जागा कमी कालवते म्हणून, आणि अर्थात स्वस्त पडते म्हणून. भारतातही १९६९ च्या सुमारास वाळू भरलेल्या लांब पिशव्यांच्या ‘वाती’ वापरल्या गेल्या होत्या. जुने अभियंते आजही पीव्हीडीला, म्हणजे प्लॅस्टिकच्या उभ्या पट्टीला, वात म्हणतात. मला तो शब्द आवडतो, पण ती पट्टी वातीसारखं पाणी स्वतः ओढून घेत नाही.

खाडीकाठच्या बंदराचे, नोडचे (नियोजित वसाहतींचे) आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांचे भराव वाढत गेले तसं हे काम आपल्याकडे सरावाचं झालं. एकदा पाहिलं की विसरत नाही. पोकलेनला उंच शिडीसारखा सांगाडा जोडलेला, त्यात चौकटीच्या आकाराची पोलादी नळी, तिच्या पोटात दहा सेंटिमीटर रुंद, तीन-चार मिलिमीटर जाड पट्टी. टोकाला हाताएवढा पत्रा अडकवायचा, नळी चिखलात दाबायची, खडकाचा मुरूम लागला की थांबायचं आणि नळी वर ओढायची. पत्रा खाली अडकून राहतो आणि पट्टीला धरून ठेवतो. वर वीतभर ठेवून कापायची, की पुढचं भोक. शिवणयंत्रासारखं दिवसभर चालतं, म्हणून त्याला स्टिचिंगच म्हणतात. भरावाखाली, चिखलाच्या माथ्यावर, अर्धा मीटर वाळूचा थर असतो. वाळू मिळेनाशी झाल्यापासून त्या जागी धुतलेली खडी आणि कापड घालायची वेळ येऊ लागली. वातीतून वर आलेलं पाणी याच थरातून बाहेर पडायचं असतं. थरात माती मिसळली तर वरची सगळी मेहनत वाया, आणि ती मिसळतेच, कारण डंपर चाकांना चिखल लावूनच येतो.

पट्टी फक्त वाट देते. पाणी पिळून काढायला वजन लागतं, आणि इथे दुसरी गाठ आहे. वरची माती इतकी हलकी-नाजूक असते की तिच्यावर दोन-अडीच मीटरच्या वर भराव एका दमात चढवला तर तो फेल होऊ शकतो. म्हणून टप्पे करायचे: थोडा भराव, काही महिने थांबा, माती घट्ट होऊन तिची ताकद वाढली की पुढचा टप्पा. शेवटी रस्त्याच्या ठरलेल्या उंचीच्याही वर जादा भार टाकायचा आणि बसणं पुरेसं झालं की तो काढायचा. मलेशियात मुआरच्या सपाटीवर महामार्गासाठी चाचणीचे भराव झाले. त्यातला एक १९८९ मध्ये मुद्दाम तुटेपर्यंत उंच केला गेला आणि जगभरच्या जाणकारांना आधीच विचारलं गेलं की तो कधी तुटेल. तो ५.४ मीटरला तुटला. अंदाज चांगलेच पांगलेले होते. तेव्हापासून शहाणी माणसं अंदाजापेक्षा मोजणीवर विसंबतात.

मोजणी आली की शब्दांचा गुंता सुरू होतो आणि माझ्या मते या विषयातले निम्मे तंटे त्या गुंत्यातून जन्मतात. आपल्याकडच्या जुन्या दरसूचींत आणि मोजमाप-पुस्तकांत ‘कन्सॉलिडेशन’ म्हणजे खडी किंवा मुरूम पसरून त्यावर रोलर फिरवणं. कैक मिस्त्री आणि उपअभियंते हाच अर्थ घेऊन वाढले. रोलरच्या त्या कामाला मराठीत ‘दबाई’ म्हणतात आणि शास्त्रात कॉम्पॅक्शन. त्यात हवा बाहेर निघते आणि काम तासाभरात संपतं. चिकणमातीचं कन्सॉलिडेशन निराळं, त्यात पाणी बाहेर निघतं आणि काम महिन्यांनी मोजलं जातं. मराठी परिभाषेत त्याला कुणी दृढीकरण म्हणतो, कुणी संघनन. दोन्ही साइटवर कुणी बोलत नाही. मग बैठकीत एकाच वाक्यात दोन्ही अर्थ फिरत राहतात. ‘साहेब, कन्सॉलिडेशन सत्त्याण्णव टक्के आलंय, लॅबचा रिपोर्ट आहे, आणि तुम्ही नव्वदसाठी अडवताय?’ असं मी स्वतः ऐकलं आहे. बोलणारा खोटं बोलत नव्हता. त्याचे सत्त्याण्णव टक्के वरच्या थराच्या दबाईचे होते. अडवलेले नव्वद खालच्या मातीचे होते.

हे नव्वदही दिसतात तितके सरळ नाहीत. निविदेत ‘९० टक्के कन्सॉलिडेशन झाल्यावर जादा भार काढावा’ असं एक वाक्य असतं. कशाच्या नव्वद टक्के? समजा आराखड्यात भराव एकूण १.६० मीटर बसेल असं म्हटलं आहे आणि सेटलमेंट प्लेट (बसणं मोजायचा पत्रा) १.४५ मीटर दाखवते. झाले की नव्वद. पण प्लेटच्या नोंदींचा आलेख पुढे ओढला तर अंतिम आकडा १.८५ वर जातो, कारण आराखड्यासाठी घेतलेले नमुने गाडीतून प्रयोगशाळेत जाईपर्यंत हादरलेले होते. मग तेच १.४५ मीटर अठ्ठ्याहत्तर टक्के ठरतात आणि अजून चाळीस सेंटिमीटर बसायचे राहतात. तिसरा माणूस पायझोमीटर दाखवतो: मातीतल्या पाण्याचा वाढलेला दाब अजून पस्तीस टक्के शिल्लक आहे, म्हणजे पासष्टच झाले. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात. चौथा प्रश्न कुणी विचारत नाही, की हे नव्वद जादा भारासकटचे आहेत की फक्त रस्त्याच्या वजनाचे. जादा भार टाकलाच तो रस्त्याच्या वजनाखाली जेवढं बसायचं त्याच्याही पुढे जाता यावं म्हणून.

अंतिम आकडा नोंदींवरून काढायची एक आलेखपद्धत जपानमध्ये १९७८ मध्ये मांडली गेली आणि ती आपल्याकडे जवळजवळ कायद्यासारखी वापरली जाते. पद्धत सोपी आहे: सारख्या अंतराने घेतलेल्या नोंदी एकमेकींसमोर मांडायच्या आणि त्यांच्यातून जाणारी रेषा पंचेचाळीस अंशाच्या रेषेला कुठे मिळते ते पाहायचं. पण रेषा घाईने, सुरुवातीच्या नोंदींवरून ओढली तर अंतिम आकडा कमी येतो आणि झालेले टक्के फुगतात. घाई कुणाला असते हे सांगायला नको. भार टाकून नुसतं थांबलेल्या महिन्यांत यंत्रं उभी, माणसं उभी आणि बिल नाही. थांबणं हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम, पण मोजमाप-पुस्तकात त्याला रकाना नाही. दरसूची करणाऱ्यांनी थांबण्याच्या दिवसांना दर दिला असता, तर निम्मे वाद मिटले असते असं मला वाटतं.

प्लेटचीही एक गोष्ट आहे. ती म्हणजे जेमतेम दोन फूट चौरस पत्रा, त्यावर उभा लोखंडी पाइप. भराव वर चढेल तसा पाइपला तुकडा जोडत जायचा आणि रोज त्याच्या माथ्यावर लेव्हल घ्यायची. डंपर मागे घेताना पहिला धक्का याच पाइपला बसतो. नोंदवहीत मग एका दिवसात सहा सेंटिमीटरची उडी दिसते आणि शेजारी पेन्सिलने ‘पाइप वाकला’ असं लिहिलेलं असतं. एका साइटवर तर संदर्भाचा बेंचमार्कच खाजणाच्या काठावर बांधलेला होता आणि तोही बसत होता. दोन्ही मिळून बसत असल्यामुळे भराव मात्र कागदावर अगदी स्थिर.

देशाच्या मानकांत हे सगळं उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आलं. उंच भरावांची मार्गदर्शिका १९७९ ची, तिची मोठी उजळणी २०१५ मध्ये. चिखलात खडी ठासून केलेल्या दगडी खांबांसाठी २००३ आणि उभ्या वातींसाठी २००४ चे भाग, कापडाने-जाळीने बळकट केलेल्या भरावांसाठी २०१३. म्हणजे कैक भराव आधी झाले आणि त्यांना लागू पडणारा नियम मागून आला.

दरम्यान भरावाचीच गरज कमी होऊ लागली आहे. १९९१ च्या किनारा अधिसूचनेनंतर खारफुटीत भराव घालणं अवघड झालं, मुरूम महागला आणि थांबायला कुणाकडे वेळ उरला नाही. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू दोन्हीकडचा चिखल खांबांवरून ओलांडतो. खांबावरचा रस्ता बसत नाही, हे खरं. पण खांबांवरचा प्रत्येक रस्ता कुठेतरी जमिनीवर उतरतो आणि गचका त्याच जागी बसतो: इकडे खडकापर्यंत गेलेले पाइल्स (पायाचे खोल खांब), तिकडे पाण्यावर उभा भराव. शिवाय बाजूचा भराव बसताना पाइल्सना स्वतःबरोबर खाली ओढतो आणि आडवंही ढकलतो.

दुरुस्ती म्हणून सगळीकडे एकच गोष्ट होते. पावसाळ्यानंतर पोचमार्गावर डांबराचा थर टाकून पातळी जुळवायची. खाडीकाठच्या एका जुन्या पुलाच्या तोंडाशी केबलसाठी चर खोदला होता, तेव्हा मी वाकून पाहिलं. चराच्या कडेला डांबराचे थर एकावर एक चढलेले, मध्ये मध्ये धुळीच्या रेघा. खिशातली सहा इंची पट्टी चार वेळा लावावी लागली. म्हणजे सुमारे साठ सेंटिमीटर, पाऊण मीटर मुरमाइतकं वजन, आणि तेही त्याच चिकणमातीवर.