'फॉर्मल' म्हणजे नेमके काय? कॉलेजातल्या कपड्यांची पार्श्वभूमी

नऊवारीकडून गोल साडीकडे आणि धोतराकडून पँटकडे झालेला प्रवास सर्वांना ठाऊक आहे. कॉलेजातल्या पोशाखावरचे आजचे वाद समजायला १९७० नंतरचा काळ पुरतो.

तेव्हा मुलांची आवडनिवड दुकानात नव्हे, शिंप्याकडे ठरायची. फुल शर्टाला ५८ इंची पन्ह्याचे (म्हणजे रुंदीचे) एक मीटर साठ सेंटिमीटर कापड, पन्हा ३६ इंची असेल तर सव्वादोन मीटर. पँटला सव्वा मीटर. टेरिकॉटचा (सुती-पॉलिस्टर मिश्र कापडाचा) तोच तागा वर्गातल्या पाचसहा जणांच्या अंगावर दिसे. वेगळेपण दाखवायला उरायची ती कॉलरची टोके, खिशाची झडप आणि पँटच्या पायाचा घेर. चळवळीतल्या मुलांनी झब्बा आणि खांद्याला शबनम पिशवी ही जोडी उचलली. कपड्यांची पर्वा नाही असे सांगणारा हा वेश पुढे इतका ठरावीक झाला की तोही गणवेशच वाटू लागला.

मुलींच्या बाबतीत भाषेनेच गोंधळ केला. मराठीत 'ड्रेस' म्हटले की सलवार-कमीज. सुरुवातीला तर आवर्जून 'पंजाबी ड्रेस' म्हणत. ड्रेस रुळला तशी रोजची साडी 'साडी डे'पुरती उरली. 'ड्रेस मटेरियल'च्या पाकिटात साधारण अडीच मीटर कमीजचे, तेवढेच सलवारीचे आणि सव्वादोन मीटर ओढणीचे कापड येई. बिघडायचे ते घाईमुळे. सुती कापड चार टक्के आटले तरी ४५ इंची कमीज पावणेदोन इंचांनी वर जाते. अस्तर न भिजवता लावले तर ते बाहेरच्या कापडापेक्षा वेगळे आटते आणि खालच्या दुमडीला झोल पडतो. म्हणून दोन्ही रात्रभर भिजवायची, न पिळता वाळवायची आणि मगच कापायला द्यायची.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर तयार कपडे पसरले आणि माप मागे पडले. शिंपी शिलाईच्या आत इंचभर 'माया', म्हणजे पुढे सैल करायला जादा कापड, सोडतो. तयार कुर्तीत ओव्हरलॉकला (कडेच्या मशीनच्या शिवणीला) लागून जेमतेम सेंटिमीटरभर असते. त्यामुळे तयार कपडा आत घेता येतो, सैल करता येत नाही. खांदा उतरलेला असेल तर बाही उसवून मुंढा (बाही जोडायचा गोलावा) नव्याने कापावा लागतो. त्या मजुरीत कधीकधी दुसरी कुर्ती येते. तुळशीबाग किंवा फॅशन स्ट्रीटवर घेताना आधी खांद्याची शिवण हाडावर बसते का पाहावे, कंबर नंतर. निर्यातीतून उरलेला माल स्वस्त असतो, पण तो का उरला हे उजेडात धरून बघावे: डाग, रंगातला फरक, की एक बाही दुसरीहून लांब.

या पार्श्वभूमीवर २०२४ चा चेंबूरचा वाद पाहायला हवा. तिथल्या एका महाविद्यालयाने 'फॉर्मल आणि सभ्य' पोशाखाचा नियम काढला: मुलांना अर्ध्या किंवा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पँट, मुलींना अंगप्रदर्शन न करणारा कोणताही भारतीय किंवा पाश्चात्त्य पोशाख. त्याच नियमात हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज यांना मनाई होती. याविरुद्धची विद्यार्थिनींची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २६ जूनला फेटाळली. त्यानंतर लगेच फाटकी जीन्स, टी-शर्ट, अंगप्रदर्शन करणारे कपडे आणि जर्सी यांवरही बंदी आल्याची सूचना निघाली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बॅज यांच्यापुरती अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. टिळा आणि टिकलीवरही बंदी घालणार का, असा प्रश्न सुनावणीत विचारला गेला.

धर्माच्या खुणांवर देशभर बोलले गेले आणि ते योग्यच होते. 'फॉर्मल' हा शब्द मात्र तसाच सुटला. शिंप्याच्या भाषेत फॉर्मल म्हणजे कडक कॉलर, क्रीज केलेली पँट, आत खोचता येईल इतका लांब शर्ट. मुलींच्या कपड्यांना असे मोजमापच नाही. 'कोणताही' म्हणायचे आणि वर 'सभ्य' जोडायचे; मग लेगिंगवरची कुर्ती किती लांब हवी, बिनबाह्यांचा ड्रेस चालेल का, हे फाटकावर उभा असलेला माणूस ठरवणार. मुलांकडेही गाठ सुटत नाही. धुऊन आखडलेला, गुंड्यांमध्ये फाकणारा शर्ट नियमात बसतो. अंगाला नीट बसणारा कॉलरचा टी-शर्ट बसत नाही. नियम कपड्याची जात विचारतो, माप विचारत नाही.

शेवटच्या वर्षाला कॅम्पस मुलाखती लागल्या की बहुतेक मुले स्वतःहून फॉर्मल घेतात. बाजारातला शर्ट कॉलरच्या मापाने मिळतो, ३८, ४० किंवा ४२ सेंटिमीटर. बाहीची लांबी मात्र त्यासोबत ठरूनच येते. कॉलर जमली तर बाही मनगटाखाली दोन इंच लोंबते. कफ उसवून बाही आखूड करून घेणे हे त्या महिन्यात आल्टरवाल्यांकडचे नेहमीचे काम.