मोगरा कधी छाटावा आणि कुठे

ठाण्यात घोडबंदर रोडच्या उंच इमारती असोत की नौपाड्यातली जुनी घरे, गॅलरीतल्या मोगऱ्याविषयीची तक्रार बहुधा एकच असते: झाड नुसतेच लांब वाढते, फुले मात्र येत नाहीत. त्यावर खते बदलून पाहिली जातात, कात्री लावायला मात्र हात धजावत नाही. वास्तविक मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटव्यांच्या टोकाशी येतात. त्यामुळे पुरेसे ऊन मिळत असेल, तर बहर किती येणार हे बऱ्याच अंशी नवे फुटवे किती येतात यावरच ठरते.

मोगऱ्याची फांदी जवळून पाहिली तर प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पाने आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक बारीक हिरवा डोळा दिसतो. हे डोळे फुटण्याजोगे असूनही निद्रिस्त राहतात, कारण वाढत्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खोडातून खाली वाहत असते आणि त्याच्या प्रभावामुळे बाजूची वाढ रोखली जाते. थिमान आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३३ च्या सुमारास बाकल्याच्या रोपांचे शेंडे खुडून कापलेल्या जागी ऑक्सिन लावले, तेव्हा शेंडा नसतानाही खालचे डोळे दबलेलेच राहिले. मात्र ऑक्सिन स्वतः डोळ्यात शिरत नाही. ते डोळ्याला चालना देणाऱ्या सायटोकायनिनची निर्मिती कमी करते आणि फुटवे रोखणाऱ्या स्ट्रायगोलॅक्टोनची वाढवते. या दुसऱ्या संप्रेरकाची फुटव्यांसंबंधीची भूमिका तर २००८ मध्येच उजेडात आली. पुढे वाटाण्यावरील प्रयोगांत असेही दिसले की शेंडा खुडताच त्याच्या वाट्याची साखर डोळ्यांकडे वळते आणि ऑक्सिनची पातळी उतरण्याआधीच खालचे डोळे हलू लागतात.

आपल्याकडे छाटणीला डिसेंबर-जानेवारी हा काळ उत्तम. हवा कोरडी असल्याने जखम लवकर सुकते आणि उन्हाळ्यातल्या बहरापूर्वी नवी फूट तयार होते. पावसाळ्यात मोठी छाटणी टाळावी. ठाण्याच्या दमट हवेत ओल्या कापावर बुरशी सहज बसते. छाटणीपूर्वी काही दिवस पाणी कमी करून झाडाला ताण द्यावा. मग वाळक्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुंध्यापासून काढाव्यात आणि उरलेल्या फांद्या साधारण निम्म्यावर आणाव्यात. कात्री धारदार आणि स्पिरिटने पुसलेली असावी. काप तिरकाच हवा, असे सरसकट सांगितले जाते, परंतु मोगऱ्याचे डोळे समोरासमोर असल्याने तिरका काप एका डोळ्याच्या फार जवळ जातो. म्हणून पेराच्या किंचित वर आडवा, सरळ काप द्यावा, म्हणजे दोन्ही डोळे फुटतात. जास्वंदीची पाने एकाआड एक येतात, तिथे डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता काप योग्य ठरतो. काही सोसायट्यांच्या बागांत सर्व झुडपे कुंपणासारखी एकाच उंचीवर सपाट कापली जातात. त्याने बाहेरची पालवी दाट होते आणि आत ऊन-वारा न पोहोचल्याने गाभा वाळत जातो.

छाटणीनंतर शेणखत किंवा गांडूळखत घालून पाणी पूर्ववत करावे, मात्र नत्राचा मारा करू नये, कारण त्याने पाने माजतात. फुले संपलेला फुटवा एक-दोन पेरे खाली खुडला की त्याच हंगामात पुन्हा फूट येते. शेजारच्या कुंडीत अनंत असेल, तर त्याला डिसेंबरात हात लावू नये. त्याच्या कळ्या बहुतांशी आधीच्या वाढीवर धरतात, म्हणून त्याची छाटणी बहर ओसरल्यावरच करावी.