साथरोग, प्रसारमाध्यमे आणि खबरदारी

साथ आली की लोक पाणी उकळून पितात, मास्क लावतात, गर्दी टाळतात, लस घेतात. नाहीतर यातले काहीच करत नाहीत. काय करायचे हे डॉक्टरांना विचारून ठरवणारे थोडेच. बहुतेकांच्या घरी रोगाआधी त्याची बातमी पोचते आणि खबरदारीचे रूप तिच्यावरून ठरते. वर्तमानपत्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि मोबाइल ही तर माध्यमे आहेतच. गल्लीतून फिरणारा भोंगा आणि मिरवणूक यांनाही या विषयात माध्यमच मानावे लागते. इंदूर शहराच्या इतिहासात या सगळ्यांची उदाहरणे सापडतात.

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांना एक कोडे पडले होते. क्षयरोगाची क्ष-किरण तपासणी फुकट होती, तपासणीची गाडी वस्तीत येत होती, तरी लोक फिरकत नव्हते. त्यातून जे प्रारूप तयार झाले त्यानुसार माणसाला चार गोष्टी पटाव्या लागतात: रोग मलाही होऊ शकतो, झाला तर महागात पडेल, सांगितलेला उपाय लागू पडतो आणि त्यातला त्रास मला झेपण्यासारखा आहे. बातम्यांचा सगळा जोर पहिल्या दोन गोष्टींवर असतो. बाधितांचे आणि मृतांचे आकडे, स्मशानातली रांग यांनी पडदा भरतो आणि ‘मग मी काय करू?’ हा प्रश्न शेवटच्या चौकटीत जातो. किम विटी या संशोधिकेने १९९२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताप्रमाणे, भीती मोठी आणि उपाय हाताशी नाही अशी स्थिती आली की लोक रोगाऐवजी भीतीचाच बंदोबस्त करू लागतात. कुणी बातम्या लावणे सोडतो, कुणी ‘आपल्याला काही होत नाही’ म्हणतो, तर कुणी कोणताही काढा उकळायला घेतो. नुसती माहिती वाढवून खबरदारी वाढत नाही, ती यामुळे.

हे इंदुरात फार पूर्वी कुणाला तरी उमगले होते. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारासाठी शहराचा आराखडा करत होते; त्यांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. प्लेगने शहर गांजले होते. गेडिस यांच्या चरित्रात आलेल्या हकिकतीनुसार, १९१७ च्या दिवाळीत त्यांनी दरबाराच्या पाठिंब्याने एक मिरवणूक काढली. तिच्यातली मेख मार्गात होती. नेहमीचा रस्ता न धरता, जो मोहल्ला घरे-गल्ल्या सर्वांत स्वच्छ करील त्याच्यातून मिरवणूक जाईल अशी दवंडी पिटली गेली. झाले, मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चुरस लागली. कचऱ्याच्या हजारो गाड्या बाहेर पडल्या आणि सापळ्यांतून उंदरांचे ढीग निघाले. मिरवणुकीत घाणीचा रावणासारखा राक्षस होता, प्लेगचा अजस्र उंदीर होता. पाठोपाठ नव्याने रंगवलेल्या, बैलांची शिंगे सजवलेल्या सफाईच्या गाड्या आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार. शेवटी राक्षस आणि उंदीर दोघांचे दहन झाले. त्या काळच्या जातीव्यवस्थेत सफाई कामगारांना हार घालणे हाच कदाचित सर्वांत धाडसी संदेश होता. जिवाणूंवर व्याख्यान देऊन जे साधले नसते ते इथे साधले, कारण भीतीला चेहरा मिळाला आणि लगोलग करायचे कामही मिळाले.

याच्या वीस वर्षे आधीचा पुण्याचा अनुभव नेमका उलटा होता. १८९७ च्या साथरोग कायद्याखाली गोऱ्या सैनिकांनी घरांत घुसून तपासण्या केल्या. सरकारवर विश्वास उरला नाही आणि सरकारने सांगितलेल्या खबरदारीवरही उरला नाही. ‘केसरी’ने त्या काळात सरकारवर कडक टीका केली, पण विलगीकरण आणि स्वच्छता यांचा पुरस्कारही केला; सांगणारा आपला वाटला की तीच गोष्ट ऐकली जाते. सुरतेत सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी रोगापेक्षा वेगाने पसरली. लाखो लोक शहर सोडून गेले आणि देशभर दुकानांतले टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक संपले. मृत्यू मात्र साधारण पन्नासच्या घरात राहिले.

कोविडच्या काळात इंदूर हे देशातल्या पहिल्या मोठ्या केंद्रांपैकी एक होते. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूत संध्याकाळी पाचला आपापल्या दारा-खिडक्यांत उभे राहून थाळ्या वाजवायच्या होत्या. इंदुरात मात्र लोक राजवाड्यापाशी जमले. भारताने सामना जिंकला की राजवाड्यावर जायचे, ही या गावाची जुनी सवय. दूरचित्रवाणीवरून कार्यक्रमाला उत्सवाचा रंग आल्यावर लोकांनी त्याला गावच्या रीतीप्रमाणे उत्सवच मानले आणि अंतर राखण्याचा मूळ संदेश गर्दीतच हरवला.

१ एप्रिलला टाटपट्टी बाखल भागात तपासणीसाठी गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. त्याआधी निरोगी माणसांना उचलून नेऊन विषाणू टोचतात, असा दावा करणारे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत होते. दगडफेकीची चित्रफीत देशभर दाखवली गेली. अफवेची गोष्ट तिच्यामागे झाकून गेली. पथकातल्या डॉक्टर दुसऱ्या दिवशी त्याच भागात कामाला गेल्या, तर शहरातल्या मुस्लिम समाजाच्या वतीने वृत्तपत्रात माफीची जाहिरात आली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने खऱ्या-खोट्या माहितीच्या अशा लोंढ्याला ‘इन्फोडेमिक’ म्हणायला सुरुवात केली होती. हा शब्द २००३ च्या सार्सच्या वेळचा.

इंदुरातल्या मराठी घरांची अडचण आणखी निराळी. सकाळी हिंदी वर्तमानपत्र, संध्याकाळी मुंबईची मराठी वाहिनी, आणि दिवसभर पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांचे फॉरवर्ड. आकडे महाराष्ट्राचे, नियम मध्य प्रदेशचे! पुण्याच्या काकूंच्या निरोपावरून इथल्या भाजीबाजाराच्या वेळा गृहीत धरायच्या आणि दारात जाऊन परत यायचे, असे प्रकार अशा घरांत सहज होतात. मात्र आपल्या भाषेतला, ओळखीच्या माणसाने पाठवलेला मजकूर सरकारी पत्रकापेक्षा लवकर खरा वाटतो, हे या गोंधळाचे कारण तसेच चांगल्या सल्ल्याचे बळही आहे.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी माध्यम बहुधा कचरागाडी ठरली. स्वच्छतेच्या गाण्यासाठी तिचा भोंगा रोज दारात वाजतोच. साथीत त्याच गाड्यांवरून सूचना दिल्या गेल्या आणि टाळेबंदीत किराण्याच्या याद्याही महापालिकेने त्यांच्यामार्फत घेतल्या. घरात राहा, असे सांगणारा आवाज घरात राहणे शक्यही करत होता. उलट, फोन लावला की आधी खोकला आणि मग सूचना ऐकवणारी मार्च २०२० ची कॉलर ट्यून काही आठवड्यांत कानाआड होऊ लागली. एकच इशारा सतत ऐकला की तो ऐकूच येईनासा होतो. याला इशाऱ्यांचा थकवा म्हणतात.

खबरदारीऐवजी धावपळ वाढवणारी बातमी कशी असते, हे एप्रिल २०२१ मध्ये इंदूरच्या दवाबाजारात, म्हणजे औषधांच्या बाजारात दिसले. रेमडेसिविरसाठी तिथे लांबलचक रांगा लागल्या. नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध रुग्णालयात दाखल झालेल्या कोविडच्या रुग्णांना न वापरण्याची शिफारस केली होती, पण ‘इंजेक्शन मिळेना’ या मथळ्यापुढे ती टिकली नाही. टंचाईच्या बातमीने टंचाई वाढते, हे साखर-रॉकेलच्या काळापासून सर्वांना ठाऊक आहे.

माध्यमांचा नेमका वाटा किती, हे मोजणे मात्र कठीण असते. बातम्या वाढतात त्याच आठवड्यात रुग्णही वाढतात आणि सरकारी आदेशही निघतात, त्यामुळे लोक कशामुळे घरी बसले हे वेगळे काढता येत नाही. शिवाय पाहणीत लोक आपण किती वेळा हात धुतो हे वाढवून सांगतात, म्हणून संशोधक साबणाची विक्री, मोबाइलच्या हालचालीची नोंद किंवा लसीकरणाचे रजिस्टर अशा पुराव्यांचा आधार घेतात.