जास्त उजेड टाकला की पारदर्शक होणारा प्लाझ्मा

चीनच्या 'कृत्रिम सूर्या'नं (सूर्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर मिळवू पाहणारं प्रायोगिक यंत्र) नवा विक्रम केला की तो व्हिडिओ आमच्या निपाणीकरांच्या ग्रुपवर चार ठिकाणांहून येऊन पडतो आणि पाठोपाठ कुणीतरी विचारतंच, "आपल्याकडं काय आहे?" आहे की हो! गांधीनगरजवळ भाट इथं प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. प्लाझ्मा म्हणजे अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. तिथल्या 'आदित्य' या टोकामॅकमध्ये (चुंबकी क्षेत्रात प्लाझ्मा कोंडून ठेवणारं यंत्र) १९८९ साली असा प्लाझ्मा तयार झाला. सेकंदाचा जेमतेम अंश टिकायचा, पण होता घरचा. (असल्या सूर्यावर अजून कुठल्याच देशात वीज बनत नाही. हेस्कॉमचं बिल येतच राहणार.)

ही संस्था उभी करणारे प्रेधिमान कृष्ण काव. जन्म १९४८, श्रीनगर. आयआयटी दिल्लीतून अठराव्या वर्षी पीएच.डी., मग अमेरिकेत प्रिन्स्टनला प्लाझ्मा भौतिकशास्त्रज्ञ जॉन डॉसन यांच्याबरोबर काम. १९८६ पासून २०१२ पर्यंत संस्थेचे संचालक. पद्मश्री, भटनागर पुरस्कार वगैरे सगळं मिळालं. पण मला ओढ आहे ती त्यांनी डॉसनबरोबर १९७० मध्ये मांडलेल्या एका कल्पनेची.

रेडिओपासून सुरू करू. रात्री मिडियम वेव्हवर सांगली आणि धारवाडच्या मधे भलतीच लांबची स्टेशनं घुसायची, आठवतं? त्या लहरी वरच्या आयनांबरावर आपटून खाली येत. आयनांबर म्हणजे वातावरणाच्या वरच्या भागातला विरळ प्लाझ्मा, सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू). दिवसा त्याचा खालचा थर या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरचा थर त्या परतवतो. एफएमच्या लहरी मात्र आरपार अवकाशात जातात. असं का?

प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन जागचे हलवले तर मागं राहिलेले धन आयन त्यांना ओढतात. ते परत येतात, पुढं निसटतात, पुन्हा ओढले जातात. स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी ही आंदोलनं ठरावीक वेगानं होतात. इलेक्ट्रॉनांची दाटी जास्त, तर आंदोलनं जलद. येणाऱ्या लहरीची आंदोलनं याहून संथ असतील तर इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलून तिचं विद्युत क्षेत्र खोडून काढतात आणि ती माघारी फिरते. लहरीची आंदोलनं एफएमसारखी जलद असतील तर त्यांना तिची गती गाठता येत नाही, ती निघून जाते.

आता खूप दाट प्लाझ्मा घ्या, लेसरचा उजेडसुद्धा परतवणारा. काव आणि डॉसन यांचा प्रश्न असा की उजेड वाढवत नेला तर? लेसरच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन इतक्या जोरानं हेलकावतील की त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जाईल. तिथं आइनस्टाइनचा सापेक्षतावाद लागू होतो, इलेक्ट्रॉन जड झाल्यासारखे वागतात. वस्तुमान चौपट झालं की आंदोलनांचा वेग निम्म्यावर येतो. म्हणजे लहर होती तीच, दाटीही तीच, पण इलेक्ट्रॉनांना आता तिचा पाठलाग जमत नाही. परतवणारा प्लाझ्मा पारदर्शक होतो, आणि तेही उजेडानं स्वतःच केलेलं!

यासाठी एका चौरस सेंटिमीटरवर साधारण दहाचा अठरावा घात इतके वॅट लागतात. १९७० मध्ये असा लेसर कुणाकडंच नव्हता. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू या शास्त्रज्ञांनी लेसरचा स्पंद (पल्स) आधी ताणून, वाढवून, मग दाबायची युक्ती काढली (२०१८ चं नोबेल त्याचंच). त्यानंतर कागदावरची ही गोष्ट प्रयोगशाळेत तपासता येऊ लागली. लेसरनं कण प्रवेगित करणाऱ्यांना हा हिशेब आजही मांडावा लागतो.

हल्ली 'प्लाझ्मा ऊर्जे'ची लॉकेटंही विकायला येतात, गुडघेदुखीपासून वास्तुदोषापर्यंत सगळ्यावर. गळ्यात खरा प्लाझ्मा बांधला असता तर आधी दोरा जळाला असता.

खरा प्लाझ्मा बघायचा तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जा, जाड पत्रा कापणारी निळसर ज्योत दिसेल. काव यांच्या संस्थेनंही उद्योगांसाठी वेगळं केंद्र काढलं. तिथलं मला आवडणारं काम म्हणजे प्लाझ्मा नायट्रायडिंग. निर्वात पेटीत नायट्रोजनचा प्लाझ्मा करतात, गियरला ऋण टोक जोडतात, आयन येऊन त्यावर आदळतात आणि नायट्रोजन पोलादात मुरतो. हे सारं ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. त्यामुळं पृष्ठभाग कडक होतो, पण गियर फारसा वाकत नाही आणि नंतर घासत बसावं लागत नाही.